लेक शिक्षिका झाली. आता तिच्या पाठीशी उभे राहू या

नागपुरातील आमच्या वस्तीत २०२४ च्या उन्हाळ्यात एका घरी पेढे वाटले गेले. वडील धान्यबाजारात हमाली करणारे, आई चार घरची धुणीभांडी करणारी. त्यांच्या मुलीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिकेची नेमणूक मिळाली होती. मुलीने २०१२ साली डी.एड. केले. त्यानंतर बारा वर्षे तिने शिकवण्या घेतल्या, कापडाच्या दुकानात काम केले, पात्रता परीक्षा दिली, अभियोग्यता परीक्षा दिली. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी आदेश हाती पडला. आम्ही मंडळातर्फे विहारात तिचा सत्कार केला. भाषणे झाली, फोटो निघाले. आम्हीही दहा मिनिटे बोललो आणि कर्तव्य पार पडल्याच्या समाधानात घरी जाऊन झोपलो.

दिवाळीच्या सुट्टीत ती परत आली तेव्हा तिच्या पर्समध्ये राजीनाम्याचा कागद होता. आम्हाला म्हणाली, "काका, मले नाही होत आता. तुम्ही फक्त बाबाला समजावून सांगा." बारा वर्षे ज्या नोकरीची वाट पाहिली ती चार-पाच महिन्यांतच सोडावीशी का वाटावी? आम्ही तिला दोन तास ऐकले. त्या दोन तासांत आम्हाला आमचीच चूक दिसली. आदेश मिळाला म्हणजे मुलगी मार्गी लागली असे आपण समजतो. वास्तविक पाहता खरी कसोटी आदेशानंतर सुरू होते, आणि नेमके त्याच वेळी आपण सारे बाजूला होतो. म्हणून आजचा हा लेख नव्या शिक्षकांसाठी आहे, आणि त्याहून अधिक त्यांच्या आईवडिलांसाठी व मंडळांसाठी आहे.

आदेशात काय लिहिलेले असते?

आपल्याकडे नवा शिक्षक पहिली तीन वर्षे 'शिक्षण सेवक' असतो. त्याला वेतन मिळत नाही, मानधन मिळते. या शतकाच्या आरंभी ही योजना आली तेव्हा प्राथमिकसाठी महिना ३ हजार, माध्यमिकसाठी ४ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी ५ हजार रुपये ठरले. पुढे ते ६, ८ व ९ हजार झाले आणि तिथेच दहाहून अधिक वर्षे अडकून पडले. २०२३ पासून ते अनुक्रमे १६, १८ व २० हजार करण्यात आले. तीन वर्षे समाधानकारक पार पडली की मग नियमित वेतनश्रेणी लागू होते. सातव्या वेतन आयोगानुसार प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते व त्यावर भत्ते मिळतात. पूर्वीच्या शिक्षकांना असलेली जुनी पेन्शन मात्र १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना त्या स्वरूपात राहिली नाही.

आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. दुःख ऐकले तरी आधी वही काढतो. त्या मुलीचा महिन्याचा हिशेब आम्ही तिच्यासमोर मांडला. खोलीभाडे २,०००. किराणा आणि गॅस ३,५००. केंद्रशाळेला, तालुक्याला जाण्यायेण्याचे १,८००. मोबाईल ३५०. झेरॉक्स, तक्ते, खडू, पुठ्ठे ६५०. घरी पाठवायचे ४,०००. कर्जाचा हप्ता २,०००. एकूण १४,३००. सोळा हजारांतून उरतात १,७००. कोकणातून नागपूरला एकदा येऊन जायचे म्हटले तर तेवढ्यात भागत नाही.

हे कर्ज कशाचे, तेही सांगितले पाहिजे. रुजू झाल्याबरोबर पैसे सुरू होत नाहीत. कागदपत्रांची पडताळणी व्हावी लागते, शालार्थ प्रणालीत नाव चढावे लागते, तेव्हा मानधन खात्यात पडते. तिचे पहिले पैसे दिवाळीच्या तोंडावर आले. तोपर्यंत खोलीची आगाऊ रक्कम, भांडी, गादी, जेवण हे सारे आईने बचत गटातून उचललेल्या २० हजारांवर चालले होते. आई फोनवर विचारी, "पगार झाला का गं?" आणि मुलीला वाटे की आपण घरावर ओझे झालो. शेजारीपाजारी मात्र समजत होते की सरकारी नोकरी लागली, आता यांना काय कमी!

'आडनाव काय तुमचे?'

तिची नेमणूक कोकणातील एका जिल्ह्यात, डोंगरावरच्या एका वाडीत झाली. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात तेव्हाही ऊन असते. कोकणात जूनच्या मध्यावर शाळा उघडते ती पावसातच. दीड दिवसाचा प्रवास करून ती पोहोचली तेव्हा अंगावरचे, बॅगेतले सारे कपडे ओले होते. गावात खोली पाहायला गेली. एका घरी खोली दाखवली, भाडे ठरले, चहा झाला. मग विचारले, "आडनाव काय तुमचे? विदर्भातले म्हणजे कोणातले?" तिने सांगितले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की पाहुणे येणार आहेत, खोली देता येत नाही. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. शाळेत ज्यांची मुले तिच्यासमोर बसायची होती, त्यांच्याच घरी तिला खोली नव्हती.

कोकणात बहुतेक गावाला बौद्धवाडी असते. चौथ्या दिवशी तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंनी तिला रस्त्यात गाठले आणि म्हणाल्या, "बाय, खोली कशाला शोधतेस? आमच्यात ऱ्हा." मुलगा-सून मुंबईला, घरात त्या एकट्या. भाडेसुद्धा घेईनात. हिने आग्रहाने दोन हजार ठरवले. "त्या आजी नसत्या तर मी पहिल्या आठवड्यातच परतले असते," असे ती आम्हाला म्हणाली.

भाषेचीही गंमत आणि फजिती झाली. वर्गात पहिल्याच दिवशी ती मुलांना 'पोट्टेहो' म्हणाली आणि सारा वर्ग हसू लागला. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना तिने सांगितले, "वरणात थोडा सांबार टाका." आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. मावशी बिचाऱ्या इडलीबरोबरचे सांबार शोधत बसल्या. मुले जी बोली बोलत ती तिला अर्धी कळे, आणि तिचे वऱ्हाडी वळण मुलांना कळत नसे. आज ती हे हसत सांगते. त्या वेळी मात्र रात्री रडली होती.

एक गोष्ट येथे प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. कोकणातल्या डी.एड. झालेल्या मुलामुलींच्या मनातही राग आहे. बाहेरचे येतात आणि आंतरजिल्हा बदली करून निघून जातात, आमची शाळा पुन्हा रिकामी, असे ते म्हणतात. तो राग अगदीच खोटा नाही. नवा शिक्षक अशा वातावरणात पाऊल टाकतो याची कल्पना घरच्यांना असायला हवी.

एक बाई, तीन वर्ग

शाळा पहिली ते पाचवी. पट तेवीस. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकच्या साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणून शाळेत दोनच बाई. मुख्याध्यापक बाईंकडे चौथी-पाचवी आणि हिच्याकडे पहिली, दुसरी, तिसरी, तीही एकाच खोलीत. डी.एड.ला सराव पाठ घेतले ते एका वर्गाचे, तक्ते लावून, निरीक्षक मागे बसलेले. इथे पहिलीचा मुलगा रडतो आहे, दुसरीच्या मुलीला वजाबाकीत हातचा समजत नाही, तिसरीची मुले खिडकीबाहेर पाहत आहेत. त्यातच बाईंनी ऑनलाइन माहिती भरायचे सारे काम "तुम्ही नवीन आहात, तुम्हाला मोबाईल येतो" म्हणून हिच्यावर टाकले. पोषण आहाराची नोंद, पटाची माहिती, फोटो, अहवाल. वाडीत नेटवर्क नाही. मग शाळा सुटल्यावर टेकडीवर जाऊन माहिती पाठवायची.

कायदा म्हणतो की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना शाळाबाह्य कामे देऊ नयेत. २०२४ ला लोकसभा झाली आणि दिवाळीनंतर लगेच विधानसभा. निवडणुकीच्या कामात नवे शिक्षक पुढे असतातच.

पण या सगळ्यांपेक्षा तिला लागलेली गोष्ट वेगळी होती. ती म्हणाली, "काका, तिसरीतल्या चार पोरायले वाचता येत नाही. मले वाटते माह्यामुळेच." कोणाला विचारावे हे तिला माहीत नव्हते. बाईंना विचारले तर आपण नालायक ठरू, अहवाल खराब जाईल, तीन वर्षांनंतर कायम करणार नाहीत, अशी भीती. नव्या शिक्षकाला सर्वांत जास्त खाते ती हीच भीती. आपली अडचण सांगणे म्हणजे आपला कमीपणा कबूल करणे, असे त्याला वाटते.

आम्ही तिला एवढेच सांगितले, की राजीनामा पर्समध्येच राहू दे, मार्चपर्यंत काढू नको. आणि आपल्या केंद्रातील सर्वांत जुना शिक्षक कोण आहे ते शोधून काढ.

जुने गुरुजी

तसे एक गुरुजी शेजारच्या गावच्या शाळेत निघाले. निवृत्तीला दोन वर्षे उरलेली. महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद भरते, तिथे तिने धीर करून त्यांना विचारले. गुरुजी म्हणाले, "बाई, शनिवारी सकाळची शाळा सुटली की माझ्या वर्गात या." ती गेली. त्यांनी व्याख्यान दिले नाही. आपले टाचण दाखवले, वर्गाची मांडणी दाखवली आणि तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली, तीन वर्गांना एकाच वेळी शिकवायला जाऊ नये. एका वर्गाला समोर घ्यावे, दुसऱ्याला लेखनाचे काम द्यावे, तिसऱ्याला जोडीने वाचायला बसवावे आणि वीस मिनिटांनी फिरवावे. दुसरी, तिसरीतल्या हुशार मुलीला पहिलीच्या दोन मुलांची 'ताई' करावे. शिकवताना तिचेही पक्के होते. तिसरी, हातचा फळ्यावर समजत नसेल तर काड्या घ्याव्यात. दहा काड्यांचा गठ्ठा बांधला की दशक, सुटल्या की एकक. मुलाने स्वतःच्या हाताने गठ्ठा सोडला की हातचा का घेतला हे त्याला विचारावे लागत नाही.

आणि वाचता न येणाऱ्या चार मुलांबद्दल गुरुजी म्हणाले, की ही मुले तुमच्याकडे जूनमध्ये आली, त्याआधी दोन वर्षे ती शाळेतच होती. दोष वाटून घेत बसू नका. रोज पंधरा मिनिटे त्यांना वेगळे बसवा. त्यांच्याच तोंडच्या बोलीतले शब्द त्यांना लिहून द्या आणि तेच वाचायला लावा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावे अशी अपेक्षा आहे. चांगले आहे. परंतु आमच्या मते त्या मुलीला जे तारून गेले ते गुरुजींचे चार शनिवार. प्रत्येक नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी असा एक जाणता माणूस नेमून द्यावा, आणि त्याने अहवाल लिहिणारा साहेब असू नये, अशी मागणी आपल्या शिक्षक संघटनांनी लावून धरावी.

दुसरी वाट: संस्थेची शाळा

जिल्हा परिषदेत लागलेल्याचे एवढे हाल, तर विनाअनुदानित शाळेतल्याचे काय असतील? आमच्या वस्तीतलाच एक बी.एड. झालेला तरुण अशा एका संस्थेत सहा वर्षे शिकवतो आहे. शाळांपुढचा 'कायम विनाअनुदानित' यातला 'कायम' शब्द शासनाने २००९ साली काढला. पुढे अनुदान मिळू लागले ते वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी. प्रत्येक टप्प्यासाठी शिक्षकांना आझाद मैदानावर बसावे लागले. आमचा हा तरुण सकाळी शाळेत इंग्रजी शिकवतो आणि रात्री पेट्रोल पंपावर उभा राहतो. त्याचे विद्यार्थी गाडीत पेट्रोल भरायला येतात तेव्हा तो टोपी पुढे ओढून घेतो, असे त्याच्या आईने आम्हाला सांगितले. यात लाज त्याची नाही, परंतु हे त्याला समजावणार कोण?

अशा नोकरीत शिरण्याआधी काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आहे. त्यानुसार शाळा न्यायाधिकरण असते. बडतर्फी किंवा सेवासमाप्तीचा आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत तिथे अपील करता येते. हे तीस दिवस 'साहेब पुन्हा घेतो म्हणालेत' या आशेवर निघून जातात आणि मग हात चोळत बसावे लागते. म्हणून कागद सांभाळावेत. नेमणुकीचा आदेश, रुजू अहवालाची पोच, हजेरीपटावर रोजची सही, दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच. कोऱ्या कागदावर सही कोणी कितीही गोड बोलून मागितली तरी देऊ नये. आणि नोकरीसाठी घर गहाण टाकून कोणाला पैसे देऊ नयेत. त्या पैशाची पावती मिळत नाही.

राखीव जागेवर लागणाऱ्यांनी जात वैधता प्रमाणपत्राची तयारी आदेशाची वाट न पाहता करावी. आपल्या पिढीच्या दाखल्यावर 'बौद्ध' लिहिलेले असते. अनुसूचित जातीसाठी पुरावा मात्र १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा मागतात. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० साली मिळाल्या, म्हणून जुना पुरावा नको असे नाही. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील नोंदीची नक्कल, जुना जमिनीचा कागद हे सारे आजच शोधून एका फाईलीत लावून ठेवावे. ट्रंकेत उंदरांनी खाल्लेल्या एका कागदापायी नोकरी धोक्यात आलेली आम्ही पाहिली आहे.

नवखे शिक्षक तेही होते

सावित्रीबाई १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यातील शाळेत शिकवू लागल्या तेव्हा त्यांचे वय सतरा होते. त्या एकट्या नव्हत्या. जोतीरावांनी त्यांना आधी शिकवले आणि मग त्यांच्या पाठीशी ते उभे राहिले. फुल्यांच्याच शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. नवख्या शिक्षिकेला आधार मिळाला तर सात वर्षांत काय उगवते हे त्यातून दिसते.

डॉ. बाबासाहेब नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. ते वाणिज्याचे कॉलेज, म्हणून आम्हा बी.कॉम. वाल्यांना त्याचा विशेष अभिमान. कोलंबियाची विद्वत्ता पाठीशी असूनही, हा काय शिकवणार म्हणून विद्यार्थी आरंभी लक्ष देईनात. प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये असे काही सहकाऱ्यांना वाटे. बाबासाहेबांनी उत्तर दिले ते तयारीने. पुढे त्यांची व्याख्याने ऐकायला इतर कॉलेजांचे विद्यार्थीही येऊ लागले. मार्च १९२० पर्यंत त्यांनी ती नोकरी केली, काटकसरीने पैसा साठवला आणि अपुरा अभ्यास पुरा करायला ते लंडनला गेले. खोली नाकारली म्हणून रडणाऱ्या आमच्या लेकीला आम्ही हीच हकीकत सांगितली. मात्र ती सांगून आपली जबाबदारी संपली असे कोणी समजू नये.

आपण काय करू शकतो?

पहिले सहा महिने पगाराबद्दल फोनवर विचारू नये. "जेवलीस का, कोणाशी बोललीस का" हे विचारावे. सत्काराच्या हारतुऱ्यांवर दोन-तीन हजार घालवण्यापेक्षा मंडळाने तेच पैसे पहिल्या खोलीभाड्यासाठी बिनव्याजी द्यावेत. आम्ही आता तसा फंड काढला आहे, महिना वीस रुपये वर्गणीचा. नेमणूक दूरच्या जिल्ह्यात झाली तर तिथल्या बौद्धवाडीतील, विहारातील माणसांशी आधीच संपर्क साधावा. वस्तीतील निवृत्त शिक्षकांची यादी करून त्यांचे दूरध्वनी क्रमांक नव्या मुलांना द्यावेत. तिच्या लग्नाची घाई, 'बदली करून घे'ची घाई पहिली दोन वर्षे तरी बाजूला ठेवावी.

आता त्या मुलीचे पुढे काय झाले ते वाचकांना सांगायला हवे. मार्च आला, गेला, राजीनामा निघाला नाही. चारपैकी तीन मुले वाचू लागली. चौथ्याचे अजून अडते, त्याला ती रोज वेगळे बसवते. गावातील खोली तिला अजून कोणी दिलेली नाही. ती आजींकडेच राहते आणि आता तिला दुसरीकडे जायचेही नाही. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागेल असा निकाल दिला. तेव्हा त्याच मुख्याध्यापक बाई हिच्याजवळ येऊन म्हणाल्या, "मॅडम, तुमची पुस्तके आहेत का हो?" हिने पुस्तके दिली आणि संध्याकाळी अर्धा तास बसून बालमानसशास्त्राचा पेपरही समजावून देते. माहिती भरायचे काम आता दोघी वाटून करतात.

परवा तिचा फोन आला. शिक्षण सेवक म्हणून दीड वर्ष बाकी आहे म्हणाली. वस्तीतल्या आणखी एका मुलीला कोकणातच नेमणूक मिळण्याची शक्यता आहे असे आम्ही तिला सांगितले. ती लगेच म्हणाली, "काका, तिले म्हणा आधी माह्याकडे ये. आजीच्या घरी जागा आहे. आणि छत्री चांगली घेऊन ये."